उरलेले घर

जळगावहून भुसावळकडे जाणाऱ्या महामार्गावर नशिराबाद हे मोठे गाव लागते. गावाच्या पुढे वाघूर नदी आहे. अजिंठ्याच्या लेण्यांना वळसा घालून आलेली ही वाघूर पुढे तापीला जाऊन मिळते. जवळच भादली नावाचे रेल्वेस्थानक आहे व तेथून भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांचा आवाज रात्रीच्या शांत वेळी सहज ऐकू येतो.

दिवाळीच्या दिवसांत या भागातील अंगणांतून पहाटे रांगोळ्या उमटू लागतात. सारवलेल्या जमिनीवर प्रथम ठिपके काढावयाचे. ठिपके मोजून काढावे लागतात; आडवी ओळ चुकली किंवा एखादा ठिपका कमी पडला, तर पुढची सारी आकृती फसते. काही घरांत ठिपक्यांसाठी खास कागद असतो. उदबत्तीच्या टोकाने त्याला समान अंतरावर भोके पाडलेली असतात. कागद जमिनीवर ठेवून त्यावरून रांगोळी फिरविली, की खाली ठिपक्यांची फौज उभी राहते. मग चिमटीतील रेषा एका ठिपक्यावरून दुसऱ्या ठिपक्याकडे धावू लागते आणि पाहता पाहता कमळ, कासव किंवा वेल तयार होते. ज्यांचा हात बसलेला असतो, त्या बायका मनातल्या मनात आकडे मोजीत असतात. बघणाऱ्याला मात्र केवळ हात फिरताना दिसतो.

ठिपके जोडण्याचा एक वेगळा खेळ आता भ्रमणध्वनीवर, म्हणजे मोबाईलवर, खेळला जातो. २०१२ साली अमेरिकेतील बिग डक गेम्स या मंडळींनी ‘फ्लो फ्री’ नावाने तो बाजारात आणला. खेळाचे नियम अगदी थोडे आहेत. पडद्यावर चौकटींचा एक पट दिसतो. आरंभीच्या कोड्यांत पाच ओळी व प्रत्येक ओळीत पाच घरे, अशी एकूण २५ घरे असतात. काही घरांत रंगीत ठिपके असतात व प्रत्येक रंगाचे ठिपके दोनच असतात. लाल ठिपका लाल ठिपक्याला, निळा निळ्याला, असे बोटाने रेषा ओढून जोडावयाचे. रेषा घरातून शेजारच्या घरात आडवी किंवा उभी जाते. तिरपी जात नाही. एका रेषेने दुसरीला छेदावयाचे नाही. आणि सर्व ठिपके जोडले गेले तरी काम संपत नाही. पटावरील एकही घर रिकामे राहता कामा नये.

खेळ मोबाईलवर आला तो अलीकडे. पण त्याचे कूळ जुने आहे. सॅम लॉइड हा अमेरिकेतील प्रसिद्ध कोडेकार. त्याने १८९७ साली ब्रुकलिन येथील एका वृत्तपत्रात अशाच तऱ्हेचे कोडे दिले होते. इंग्लंडमधील हेन्री ड्यूडनी याने १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात आठ मोटारवाल्यांचे कोडे घातले आहे. आठ जण आपापल्या घरून आपापल्या प्रार्थनामंदिरास जातात. परंतु कोणाच्याही मोटारीची वाट दुसऱ्याच्या वाटेला छेदीत नाही. तर ते कसे गेले असतील? जपानमध्ये निकोली या प्रकाशनसंस्थेने रंगांच्या जागी आकडे घालून हेच कोडे लोकप्रिय केले. तेथे एकास एक व दोनास दोन जोडावयाचे असतात.

रेषांनी एकमेकींना छेदू नये, ही अट काही कोडेकारांच्या लहरीतून निघालेली नाही. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीकाठी फड बागायतीची जुनी पद्धत आहे. नदीवरील बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाच्या चाऱ्या होतात व चाऱ्यांतून पाणी शेतोशेती जाते. दोन चाऱ्या एकमेकींवर आडव्या घातल्या, तर एकीचे पाणी दुसरीत जाईल आणि पाळी कोणाची व पाणी कोणाला, असा तंटा उभा राहील. म्हणून वाटेत ओघळ आडवी आली, तर पाट तिच्यावरून उचलून न्यावा लागतो. मोबाईलच्या पोटातही हेच संकट आहे. त्याच्या आत जी हिरवट पाटी असते, तिच्यावर तांब्याच्या अत्यंत बारीक वाटा असतात. दोन वाटा भलत्या ठिकाणी एकमेकींना भिडल्या, की यंत्र बिघडले. पाटीच्या एकाच अंगावर साऱ्या वाटा बसत नाहीत. म्हणून पाटीचे अनेक थर करतात व बारीक भोकांतून एका थरावरील वाट दुसऱ्या थरावर उतरवितात. खेळणारे मूल ज्या पडद्यावर रेषा ओढीत असते, त्याच पडद्याखाली ते कोडे अगोदरच कोणी तरी सोडवून ठेवलेले असते!

नशिराबादच्या एका शाळेतील सातवीच्या वर्गात या खेळाचे वेड शिरले होते. शाळेत मोबाईल आणण्यास मनाई होती. तेव्हा मुले चौकटीच्या वहीत पेन्सिलीने घरे आखीत, रंगीत खडूचे ठिपके देत व मधल्या सुट्टीत कोडी सोडवीत. वर्गात भित्तिपत्रक होते. त्यावर दर सोमवारी कोणी तरी कविता, चित्र किंवा कोडे लावीत असे. एका सोमवारी एका मुलाने स्वतः तयार केलेले कोडे तेथे लावले. खाली ठळक अक्षरांत लिहिले, ‘जो सोडवील त्यास माझे नवे शाईपेन बक्षीस.’

कोडे २५ घरांचे होते व त्यात तीनच रंग होते. लाल ठिपके पहिल्या ओळीच्या पहिल्या घरात व दुसऱ्या ओळीच्या तिसऱ्या घरात. निळे ठिपके दुसऱ्या ओळीच्या पहिल्या व चौथ्या ओळीच्या चौथ्या घरात. पिवळे ठिपके चौथ्या ओळीच्या तिसऱ्या व पाचव्या ओळीच्या पाचव्या घरात. (वाचकाने येथे थांबून वहीत पट आखावा व स्वतः प्रयत्न करून पाहावा. पुढचा भाग वाचण्याची घाई नाही.)

सोमवार गेला, मंगळवार गेला. मुलांनी वह्यांची पाने भरून टाकली. तिन्ही रंग जोडणे मुळीच कठीण नव्हते. पण प्रत्येकाच्या पटावर शेवटी एक घर रिकामे राहत होते. कोणाचे दोन-तीनही राहत; मग तो रेषा पुसून पुन्हा मांडी व मोठ्या खटपटीने एका घरावर येऊन थांबे. त्या एका घरात शिरावयास रेषेला जागा नसे. बुधवारी काही मुले चिडली. ज्यांना गणितात नेहमी चांगले गुण मिळत, त्यांना अधिकच लाज वाटू लागली. एका मुलाने तर ‘आपले डोके या कामाचे नाही,’ असे म्हणून वही मिटली आणि खेळ कायमचा सोडला.

कोडे घालणारा मुलगा मात्र मोठ्या ऐटीत होता. घरी गेल्यावर त्याने आपल्या आजोबांना सारी हकीकत सांगितली. आजोबांनी भुसावळच्या यार्डात पुष्कळ वर्षे सांधेवाल्याचे काम केले होते. भुसावळ हे मोठे जंक्शन. मुंबईकडून येणाऱ्या मार्गाला तेथे फाटे फुटतात. एक इटारसीकडे जातो, दुसरा नागपूरकडे. अशा ठिकाणी रूळ एकमेकांना छेदून जातात व छेदाच्या जागी चाकाच्या कडेसाठी रुळात खाच ठेवलेली असते. लोखंड लोखंडाला ओलांडू शकते. परंतु दोन गाड्या एका वेळी ती जागा ओलांडू शकत नाहीत. हे सारे आजोबांच्या अंगवळणी पडलेले होते. त्यांनी कोड्याचा कागद डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला व विचारले, “बाळा, हे तू स्वतः सोडविलेस ना?”

मुलगा थबकला. “जवळजवळ सुटले होते, आजोबा. एकच घर राहिले होते. म्हटले, कोणी हुशार असेल तो ते भरील.”

“म्हणजे सोडविले नाहीस.”

“पण आजोबा, सुटतेच आहे ते! एका घराचा तर प्रश्न आहे.”

आजोबांनी कागद परत दिला. “सांध्यापाशी एक बोटभर फट राहिली, तर आम्ही गाडी सोडत नसू,” एवढेच ते म्हणाले आणि अंगणात जाऊन बसले. मुलाला ते बोलणे आवडले नाही. रात्री त्याने गुपचूप पुन्हा प्रयत्न केला. त्याचेही एक घर उरले. फक्त ते पूर्वीचे नव्हते, दुसरेच होते.

त्याच वर्गात एक मुलगी होती. बोलण्यात ती मागे, पण रांगोळीत तिचा हात धरणारे गल्लीत कोणी नव्हते. दोन दिवस तिनेही इतरांप्रमाणे कोडे सोडविण्याचा प्रयत्न केला होता. गुरुवारी तिने निराळाच उद्योग आरंभिला. ती मैत्रिणींच्या आणि वर्गातील मुलांच्या वह्या मागून पाहू लागली. कोणाच्या रेषा कशा गेल्या आहेत, इकडे तिचे लक्ष नव्हते. प्रत्येकाचे उरलेले घर कोणते, एवढेच ती पाही व आपल्या वहीतील कोऱ्या पटावर तेथे फुली मारी. ज्या पटांवर एकच घर उरले होते, तेवढेच तिने घेतले.

फुल्या निरनिराळ्या ठिकाणी पडल्या. पहिल्या ओळीतील तिसरे घर. दुसऱ्या ओळीतील दुसरे. तिसऱ्या ओळीतील पहिले. चौथ्या ओळीतील दुसरे. पाचव्या ओळीतील पहिले. एकाचा मेळ दुसऱ्याशी नाही, असे प्रथम वाटे. पण ठिपके मोजण्याची जिला सवय, तिने ओळीचा क्रमांक आणि घराचा क्रमांक यांची बेरीज करून पाहिली. एक आणि तीन, चार. दोन आणि दोन, चार. तीन आणि एक, चार. चार आणि दोन, सहा. पाच आणि एक, सहा. बेरीज विषम येईल असे एकही घर नव्हते!

मग तिने पेन्सिल आडवी धरून ज्या ज्या घराची बेरीज सम, ते ते घर काळे केले. पाहते तो वहीत बुद्धिबळाचा पट उभा राहिलेला! एक काळे, एक पांढरे. पुन्हा एक काळे, एक पांढरे. सगळ्या फुल्या काळ्या घरांवर होत्या. पांढरे घर कोणाचेही उरले नव्हते. एवढ्या साऱ्या मुलांनी एवढ्या तऱ्हांनी रेषा ओढल्या, आणि पांढऱ्या घरावर एकदाही पाळी येऊ नये, हा योगायोग कसा असेल?

येथवर तिला एक नवल दिसले होते. कारण सापडले नव्हते. शंभर वेळा एखादी गोष्ट झाली, म्हणून एकशेएकाव्या वेळी ती होईलच असे नाही. कारण सापडण्यास तिला ती सबंध संध्याकाळ लागली. घरी तिने काळ्या-पांढऱ्या पटावर बोट ठेवले व एका घरातून शेजारच्या घरात, तेथून पुढच्या घरात, असे ते चालविले. आडवे जावे की उभे जावे, काळ्या घरातून निघालेले बोट पांढऱ्यातच पडे व पांढऱ्यातून निघालेले काळ्यात. दुसरी वाटच नाही. तेव्हा कोणतीही रेषा म्हणजे काळ्या-पांढऱ्या मण्यांची माळ. माळेचे एक टोक काळे व दुसरे पांढरे असेल, तर तिच्यात काळे मणी जितके, पांढरेही तितकेच असणार.

तिने कोड्यातील ठिपके तपासले. लाल जोडीतील एक ठिपका काळ्या घरात, दुसरा पांढऱ्या घरात. निळ्या जोडीचे तसेच. पिवळ्या जोडीचेही तसेच. म्हणजे लाल रेषा कशीही वळवा, ती काळी व पांढरी घरे सारखीच खाणार. निळीही सारखीच, पिवळीही सारखीच. तिघींची मिळूनही सारखीच. आणि पटावर घरे होती २५. त्यांपैकी काळी १३ व पांढरी १२. बाराला बारा जोडीने गेली, तरी तेरावे काळे घर उरणारच. रेषा लांब ओढा, आखूड ओढा, वाकवा, वळवा; ते घर कोठे उरेल हे बदलेल, उरणे मात्र चुकणार नाही.

शुक्रवारी सकाळी भित्तिपत्रकावर कोड्याखाली एक ओळ लिहिलेली दिसली : ‘हे कोडे सुटणार नाही.’ वर्गात हशा पिकला. “कोल्ह्याला द्राक्षे आंबट!” असे कोणी तरी मागून ओरडले. कोडे घालणारा मुलगा उठून म्हणाला, “तुला सुटले नाही असे लिही. सुटणार नाही असे कशाला लिहितेस?”

त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. ‘मला सुटत नाही’ आणि ‘कोणालाही सुटणार नाही’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पहिले वाक्य कोणीही म्हणू शकतो. त्याला पुरावा लागत नाही. दुसरे वाक्य म्हणणाऱ्याने जगातील सर्व माणसांच्या वतीने आणि ज्या रेषा अजून कोणी ओढल्याही नाहीत, त्यांच्या वतीनेही बोलण्याचे धाडस केलेले असते. अशा धाडसाला कारण द्यावे लागते.

गुरुजी वर्गात आले. त्यांनी ओळ वाचली व मुलीला फळ्यापाशी बोलाविले. “कारण सांग,” ते म्हणाले.

तिने प्रथम मोठे कोडे घेतलेच नाही. तिने नऊ घरांचा लहान पट काढला. कोपऱ्यात एक लाल ठिपका दिला व दुसरा त्याच्या शेजारच्या घरात. “नऊही घरांतून जाऊन हे दोन जोडून दाखवा,” असे ती म्हणाली. दोन-तीन मुले पुढे आली. पट एवढा लहान होता, की दोन मिनिटांत साऱ्या वाटा करून संपल्या. जमले नाही. मग तिने पट काळा-पांढरा केला. काळी घरे पाच, पांढरी चार. काळ्यापासून निघून पांढऱ्यावर थांबणारी वाट सम संख्येची घरे घेते. नऊ ही संख्या विषम. एवढे झाल्यावर वर्गाला पुढचे सांगण्याची गरजच उरली नाही. तिने मोठ्या पटावरील घरे काळी करावयास सुरुवात केली, आणि ती पुरी होण्याच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, “तेरा आणि बारा!”

ज्या मुलाने वही मिटून खेळ सोडला होता, त्याने ती पुन्हा उघडली.

गुरुजींनी एक जुने कोडे सांगितले. बुद्धिबळाच्या पटावरील ६४ घरांपैकी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतील घरे कापून टाकावी. उरली ६२. एक सोंगटी शेजारशेजारची दोन घरे झाकते, असे समजावे. तर ३१ सोंगट्यांनी सर्व पट झाकता येईल काय? मॅक्स ब्लॅक नावाच्या तत्त्वज्ञाने हा प्रश्न १९४६ साली आपल्या पुस्तकात घातला होता. बहुतेकांना वाटते, ६२ चे निम्मे ३१, मग का झाकता येऊ नये? पण समोरासमोरचे कोपरे एकाच रंगाचे असतात. ते कापले, की एका रंगाची ३० व दुसऱ्याची ३२ घरे उरतात. आणि प्रत्येक सोंगटी दोन्ही रंगांचे एक-एक घर झाकते. नशिराबादच्या मुलीला मॅक्स ब्लॅक ठाऊक नव्हता. तिला फक्त फुल्या मारलेला कागद ठाऊक होता.

आता एका उत्साही मुलाला वाटले, की कोडी पारखण्याची किल्लीच हाती आली. “म्हणजे काळ्या-पांढऱ्याचा हिशेब जुळला, की कोडे सुटणारच!” तो म्हणाला. गुरुजींनी त्याला १६ घरांचा पट काढावयास सांगितला. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत लाल ठिपके, उरलेल्या दोन कोपऱ्यांत निळे. हिशेब चोख जुळला. काळी घरे आठ, पांढरी आठ. लाल ठिपके दोन्ही काळ्यावर, निळे दोन्ही पांढऱ्यावर. लाल रेषा एक काळे घर अधिक घेते, निळी एक पांढरे अधिक घेते, बेरीज बरोबर. मुलगा रेषा ओढू लागला आणि लाल रेषा पुरी होताच थांबला. ती रेषा कशीही वळविली, तरी पटाचे दोन तुकडे होत व एक निळा ठिपका एका तुकड्यात, तर दुसरा दुसऱ्या तुकड्यात जाई. लाल रेषा ओलांडल्याखेरीज निळ्याला निळा भेटणे शक्य नव्हते. हिशेब चुकला तर कोडे खात्रीने सुटत नाही. पण हिशेब जुळला म्हणजे सुटतेच, असे मात्र नाही.

मग कोणत्याही कोड्याविषयी ते सुटेल की नाही, हे झटपट सांगणारी एखादी रीत आहे काय? मोठमोठ्या गणितज्ञांनी या प्रश्नाचा विचार केला आहे. यंत्रांतील तारांच्या जोडणीच्या संदर्भात लिंच या संशोधकाने १९७५ साली असे दाखवून दिले, की जोड्या अलग अलग वाटांनी जोडता येतील की नाही, हे ठरविणे हा अतिशय अवघड प्रश्नांच्या एका प्रसिद्ध गटातील प्रश्न आहे. सर्व घरे भरली पाहिजेत ही अट घातली, तरी त्याची अवघड जात बदलत नाही, हे एरिक डिमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली सिद्ध केले. या गटाची गंमत अशी, की त्यातील एका प्रश्नाची झटपट रीत सापडली, तर गटातील सर्वच प्रश्नांची सापडेल. आजवर ती कोणालाही सापडलेली नाही. आणि ती नाहीच, असेही कोणाला सिद्ध करता आलेले नाही. म्हणजे ‘सुटत नाही’ आणि ‘सुटणारच नाही’ यांमधील जे अंतर सातवीच्या वर्गात वादाचा विषय झाले होते, तेच येथे मोठ्यांनाही ओलांडता आलेले नाही. पट लहान असेल तर संगणक सर्व वाटा करून पाहू शकतो. पट वाढत गेला, की वाटांची संख्या इतकी झपाट्याने वाढते, की संगणकाचेही काही चालत नाही.

तास संपल्यावर कोडे घालणारा मुलगा जागेवरच बसून राहिला. तो रागावला आहे, असे मुलांना वाटले. तो मनातल्या मनात सोमवारपासूनचा हिशेब करीत होता. चार दिवस सारा वर्ग ज्या दाराशी धडका देत होता, तेथे दार नव्हतेच. केवळ भिंतीवर दाराचे चित्र होते, आणि ते त्याने काढले होते. दारामागे खोली आहे की नाही, हे त्याने स्वतः पाहिले नव्हते. मधल्या सुट्टीत तो त्या मुलीकडे गेला व शाईपेन तिच्या पुढ्यात ठेवले.

“हे तुझे.”

“मी कुठे सोडविले? जो सोडवील त्यास, असे तूच लिहिले होतेस.”

“राहू दे. मीसुद्धा सोडविलेले नव्हते.” थोडा वेळ थांबून त्याने विचारले, “पण एक सांगशील? हे सुटेल असे करावयाचे, तर काय बदलावे लागेल?”

दोघांनी वही मधे घेतली. काळी घरे एकाने जास्त आहेत. तेव्हा तीन रेषांपैकी एकीने एक काळे घर जास्त खाल्ले पाहिजे. त्यासाठी तिची दोन्ही टोके काळ्यावर हवीत. लाल रेषेचे एक टोक पहिल्या ओळीच्या पहिल्या घरात, म्हणजे काळ्यावर होतेच. दुसरे दुसऱ्या ओळीच्या तिसऱ्या घरात, पांढऱ्यावर होते. मुलाने तो ठिपका पुसला व एक घर डावीकडे सरकवून दुसऱ्या घरात दिला. एवढाच फरक. हिशेब जुळला, पण दुपारच्या १६ घरांच्या पटाची आठवण ताजी होती, म्हणून या खेपेस त्याने भित्तिपत्रकाकडे धाव घेतली नाही. तो बसून रेषा ओढू लागला. लाल रेषा पहिल्या ओळीतून सरळ उजवीकडे गेली, कडेवरून खाली उतरली व दुसऱ्या ओळीतून परत फिरून आपल्या ठिपक्यापाशी थांबली. निळी तेथून खाली उतरून तिसरी ओळ सबंध चालून गेली आणि चौथ्या ओळीत वळून आपल्या ठिपक्यास मिळाली. उरलेली घरे पिवळ्या रेषेने नागमोडी वळणाने संपविली. त्याने घरे मोजली. नऊ, आठ आणि आठ. पंचवीस.

सोमवारी भित्तिपत्रकावर नवा कागद लागला. कोड्याखाली या वेळी बक्षिसाचा उल्लेख नव्हता. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिले होते, ‘घालणाऱ्याने स्वतः सोडवून पाहिले आहे.’ अक्षर मुलाचे होते. शाई मात्र त्या नव्या पेनाची होती, आणि पेन आता ज्याच्या-त्याच्याकडून फिरत फिरत त्या मुलीच्या दप्तरात जाऊन बसले होते. मधल्या सुट्टीची घंटा होण्यापूर्वीच शेजारच्या पाचवीतील एका लहान मुलाने कोडे सोडविले व उरलेले एखादे घर सापडते काय, म्हणून तो बराच वेळ कागदावर बोट फिरवीत उभा राहिला.